रात्री दहाची आरोळी

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'परदेशातील अनुभव' असं छापलंय. हे वाचून तुमच्यातल्या काहीजणी आधीच थोड्या कंटाळल्या असतील, आणि त्यात तुमची काही चूक नाही. परदेशी जाऊन आलेली बाई म्हटलं की ती दोनच गोष्टी सांगते. एक तर तिकडे बायका किती पुढे गेल्यात, नाहीतर तिकडे कुटुंब कसं राहिलेलं नाही आणि शेवटी आपलंच कसं बरं. मी दोन्ही सांगणार नाही. खरं तर गेली कित्येक वर्षं मी या विषयावर बोलायचंच टाळत आले. का टाळलं, तेच आज सांगायचं आहे, आणि ते सांगण्यासाठी आधी थोडं प्रवासवर्णन करावं लागेल. सहन करा.

२०१३ सालच्या ऑगस्टपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच महिने, मी स्वीडनमधल्या उप्साला या शहरात विद्यार्थिनी म्हणून राहिले. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचं माझं दुसरं वर्ष होतं. स्वीडिश सरकारच्या विकासनिधीतून लिनिअस-पाल्मे नावाची योजना चालायची. आपल्यासारख्या देशांतले विद्यार्थी-शिक्षक तिकडे आणि तिकडचे इकडे, अशी अदलाबदल. लिनिअस म्हणजे झाडाझुडपांना दोन-दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणारा, तो याच उप्सालाचा प्राध्यापक. पाल्मे म्हणजे १९८६ साली भर रस्त्यात गोळी घालून मारले गेलेले स्वीडनचे पंतप्रधान. आमच्या वर्गातून दोघींची निवड झाली. दुसरीच्या घरच्यांनी 'आधी साखरपुडा, मग विमान' अशी अट घातली आणि ती गेलीच नाही. मी गेले. आमच्याकडे थोरल्या चुलत्यांनी तीच अट घातली होती. पण आई अंगणवाडीत होती, तिच्या भिशीचा नंबर त्या महिन्यात लागला, आणि तिनं ते पैसे कुणाला न विचारता माझ्या हातात ठेवले. त्या पैशांतून पुण्यात जाडजूड म्हणून घेतलेला कोट तिकडच्या ऑक्टोबरातसुद्धा पुरला नाही, तो भाग वेगळा.

निघाले ते दिवसही लक्षात राहण्यासारखेच. २० ऑगस्टला सकाळी पुण्यात डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला. आम्ही सगळे निषेधाला रस्त्यावर होतो. २२ तारखेला मुंबईत शक्ती मिलची घटना घडली. आणि त्याच आठवड्यात मी बॅग भरून विमानतळावर. पळून चालल्यासारखं वाटत होतं.

आता आरोळीचं सांगते. उप्सालाच्या पश्चिमेला फ्लॉगस्टा नावाची विद्यार्थ्यांची वसाहत आहे. उंच उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ, बोळात बारा खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. मी पोचले त्या पहिल्या रात्री सामान लावत होते. खिडकी उघडी होती. बरोबर दहाच्या ठोक्याला बाहेरून एक किंकाळी आली. मग दुसरी. मग समोरच्या इमारतीतून, वरून, खालून, बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज.

तुम्ही सगळ्या वस्तीत काम करता. रात्री किंकाळी ऐकली की आपलं अंग आधी उठतं आणि डोकं नंतर. माझं क्षेत्रकार्य पुण्यात टेकडीच्या उतारावरच्या एका वस्तीत होतं. तिथल्या महिला मंडळाचा नियम होता की कुणाच्याही घरातून मारझोडीचा आवाज आला की हातात मिळेल ती थाळी आणि पळी घेऊन दारात जायचं आणि वाजवत उभं राहायचं. भांडायचं नाही, आत शिरायचं नाही, फक्त वाजवायचं. मी अनवाणी बोळात धावले आणि पहिलं दिसलं ते दार बडवायला लागले. एक पोरगा हातात पावाचा तुकडा घेऊन शांतपणे बाहेर आला. माझा चेहरा बघून घाबरला बिचारा. मग त्यानं समजावलं की काही झालेलं नाही, ही इथली पद्धत आहे. रोज रात्री दहाला मुलं खिडकीतून ओरडतात. अभ्यासाचा ताण, एकटेपणा, जे काय असेल ते बाहेर टाकायचं. खूप वर्षांपासून चालत आलंय. तो हसला, मीही हसले, आणि खोलीत येऊन कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिले. मला हे पचेना की असंही एक गाव असू शकतं जिथं रात्रीची किंकाळी ही गंमत आहे.

पुढे कळलं, आणि ते कळायला मला तीन महिने लागले, की तिथंही सगळ्या किंकाळ्या गंमतीच्या नसतात. दहाला जे ओरडतात ते सगळ्यांना ऐकू जातं, एवढंच.

विद्यापीठाबद्दल बोलायला हवं, कारण मी त्यासाठी गेले होते. उप्साला विद्यापीठ १४७७ सालचं. वर्ग सव्वाला सुरू होतात. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी दहा वाजून पंधरा मिनिटांनी. याला तिथं 'विद्यापीठाचा पाव तास' म्हणतात. आपल्याकडची उशिरा यायची सवय त्यांनी नियमात बसवलीय असं मी आईला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. दुसरं म्हणजे एकेरी. आपल्यासारखंच स्वीडिशमध्येही आदरार्थी बोलणं होतं, पदवी लावून हाक मारणं होतं. १९६७ च्या सुमाराला सरकारी आरोग्यखात्याच्या प्रमुखानं जाहीर केलं की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणजे 'तू' म्हणणार आणि त्यांनीही मला तेच म्हणावं. बघता बघता सगळा देश एकमेकांना अरे-तुरे करायला लागला. साठीच्या प्राध्यापिकेला नावानं हाक मारताना माझी जीभ महिनाभर अडखळत होती. त्यावर मी फार विचार केला. आपल्याकडे नवरा बायकोला 'अगं' म्हणतो आणि बायको 'अहो'. हा एक अक्षराचा फरक किती पिढ्या पुरतो बघा.

पण सुरुवातीपासून तिथं सगळं असंच होतं असं समजू नका. विद्यापीठात मुली कधी आल्या, हे मी मुद्दाम शोधलं. १८७२ साली. पहिलीचं नाव बेटी पेटरसन. खोगिरं बनवणाऱ्या कारागिराची मुलगी, दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवून पोट भरणारी. प्रवेश-परीक्षेला बसायला तिला राजाकडून खास परवानगी आणावी लागली. १८८३ साली एलेन फ्रीस ही पहिली बाई इतिहासात डॉक्टर झाली. आता १८८३ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला. म्हणजे आपण फार मागे होतो आणि त्या फार पुढे, असं त्या वर्षी तरी दिसत नाही.

माझ्या मनात घर करून राहिली ती एल्सा एशेलसन. १८९७ साली कायद्याची डॉक्टरेट मिळवणारी स्वीडनची पहिली बाई. उप्सालातच ती शिकवत होती. प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, काम तिला येत होतं, पण राज्यघटनेत लिहिलं होतं की अशा जागांवर 'स्वीडिश पुरुष' नेमायचे. कायद्याची पंडित बाई, आणि तिची वाट अडवली ती कायद्यातल्या एका शब्दानं. तिनं त्या शब्दाचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, अर्ज केले, भांडली. १९११ साली ती गेली. सरकारी पदं बायकांना सर्वसाधारणपणे खुली करणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावं लागलं. तिथल्या ग्रंथालयात बसून हे वाचताना मला आपल्याकडच्या अंगणवाडी सेविका आठवल्या. त्यांच्याही बाबतीत सगळा खेळ एका शब्दाचा आहे. पगार नाही, मानधन. कर्मचारी नाही, स्वयंसेविका.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून भरभर सांगते. नवऱ्यानं केलेला बलात्कार स्वीडननं १९६५ साली गुन्हा ठरवला. आपण २०२४ ला लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही नवऱ्याला दिलेली सूट जशीच्या तशी ठेवली. नवरा-बायकोचा प्राप्तिकर १९७१ पासून वेगवेगळा. त्याआधी दोघांची कमाई एकत्र धरत, त्यामुळे बायकोचा पगार करातच जायचा आणि 'तू घरीच बस' हे हिशेबानंच ठरायचं. १९७४ पासून बाळंतपणाची रजा आईची राहिली नाही, आईबापांची झाली. आता ती एकूण ४८० दिवसांची आहे आणि त्यातले ९० दिवस बापानं घेतले नाहीत तर ते फुकट जातात. दुपारी अकराला बाबागाड्या ढकलत गप्पा मारणारे दाढीवाले बाप मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ऑक्टोबरात एका चर्चासत्रात मला 'भारतातील स्त्रियांवरील हिंसाचार' या विषयावर मांडणी करायला सांगितलं. डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना जगभर पोचली होती. मी तिथं कुणालाही भेटले आणि भारतातून आले म्हटलं की तिसऱ्या वाक्याला दिल्ली यायची. आमच्या बोळातल्या मुलीसुद्धा माझ्याकडे जरा सांभाळून बघायच्या, जणू मी अपघातातून उठून आलेय. तर मी मांडणी केली. चांगली केली. मथुरा प्रकरणापासून सुरुवात केली, ४९८-अ कसं आलं, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, वस्तीतल्या तीन बायकांच्या केसेस नावं बदलून. थाळ्या वाजवण्याची पद्धत सांगितली तेव्हा सगळ्यांना फार आवडली. मग प्रश्न सुरू झाले. वर्गात एक पन्नाशीच्या बाई होत्या. तिकडे मोठ्या वयाची माणसंही पुन्हा कॉलेजात येतात. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "आणि तुझ्या घरी?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या घरी असं काही नव्हतं."

मैत्रिणींनो, हे खोटं होतं.

आमचं गाव बार्शी. अण्णा एसटीत ड्रायव्हर. मी नववीत जाईपर्यंत अण्णा आईला मारत असत. रोज नाही. महिन्यातून दोनदा, तीनदा. कधी पट्ट्यानं. का, याला कारण लागत नसे. पुढे ते कमी कमी होत थांबलं. कशानं थांबलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आईला अंगणवाडीचं काम लागलं म्हणून असेल, आम्ही पोरं मोठी झालो म्हणून असेल, अण्णा थकले म्हणून असेल. मी समाजकार्य शिकायला का गेले, याचं मुलाखतीतलं उत्तर वेगळं होतं आणि खरं उत्तर हे होतं. आणि एवढं सगळं असून, जिथं मला कुणी ओळखत नाही, जिथलं एकही माणूस बार्शीला कधी येणार नाही, अशा ठिकाणी बारा-तेरा जणांसमोर मी खोटं बोलले.

त्या रात्री दहाची आरोळी झाली आणि मी विचार करत बसले, की मी हे का केलं? लाज हे एक कारण झालं. पण ते पुरं नाही. वस्तीतल्या बायकांच्या गोष्टी मी तिथं बेधडक सांगितल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यांची मला काही पडली नव्हती. अण्णांचं सांगितलं असतं तर त्या खोलीत अण्णा 'एक भारतीय पुरुष' झाले असते. दिल्लीच्या बसमधल्या त्या पुरुषांच्या रांगेत उभे राहिले असते. पहाटे चारच्या गाडीवर जाताना माझ्या डोक्यावरची गोधडी नीट करून जाणारे अण्णा त्या रांगेत मला उभे करता येईनात. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी वस्तीतल्या तीन बायकांच्या नवऱ्यांना मात्र किती सहज उभं करून आले होते. त्या तिघींना कुठं विचारलं होतं मी? नावं बदलली की आपलं काम झालं, असं आपण सगळ्याच समजतो.

पुढच्या आठवड्यात चहा-कॉफीच्या सुट्टीत, ज्याला ते 'फिका' म्हणतात, त्या बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी खोटं बोलले हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्या स्वतःबद्दल बोलल्या. नवरा इंजिनिअर, स्वीडिश, दारू न पिणारा. अकरा वर्षं मारत होता. शेजारी चांगले होते, सगळे एकमेकांना 'तू' म्हणणारे. पण तिथं दारात जाणं म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यात पाय टाकणं. कुणी आलं नाही. मग त्या म्हणाल्या, की मला कधी कुणी 'स्वीडनमधील स्त्रियांवरील हिंसाचार' म्हणून माझ्या देशाच्या वतीनं बोलायला उभं केलं नाही. माझा नवरा हा फक्त माझा नवरा होता, तो कधी 'स्वीडिश पुरुष' झाला नाही.

मी परत आल्यावर, मार्च २०१४ मध्ये, युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवली, असं सांगणाऱ्या स्त्रिया संपूर्ण संघात ३३ टक्के, स्वीडनमध्ये ४६, फिनलंडमध्ये ४७, डेन्मार्कमध्ये ५२. तिकडे बायका जास्त मोकळेपणानं सांगतात म्हणून आकडा मोठा दिसतो, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण ४६ हा आकडा मला त्या बाईंच्या कॉफीच्या कपासकट आठवतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं मृतांची आठवण करण्याचा दिवस असतो. आपल्या सर्वपित्रीसारखा म्हणा. संध्याकाळी लोक कबरीवर मेणबत्त्या लावतात आणि काळोखात सगळं कबरस्तान लुकलुकत असतं. त्या बाई मला उप्सालाच्या जुन्या कबरस्तानात घेऊन गेल्या. फादिमे शाहिन्दालची कबर दाखवायला.

फादिमेचं नाव तुमच्यातल्या किती जणींनी ऐकलंय? तुर्कस्तानातून आलेल्या कुर्दी कुटुंबातली मुलगी. लहानपणीच स्वीडनला आली. एका स्वीडिश मुलावर प्रेम बसलं. बाप आणि भाऊ जिवावर उठले. पोलिसांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही, तेव्हा ती १९९८ साली वर्तमानपत्रं आणि टीव्हीसमोर गेली. खटला झाला, बापाला आणि भावाला शिक्षा झाली. त्याच वर्षी तिचा मित्र मोटार अपघातात वारला. उप्सालात पाय ठेवायचा नाही या तोंडी तहावर ती दूर उत्तरेकडच्या गावी राहायला गेली आणि तिथं शिकायला लागली. काय शिकत होती? समाजकार्य. आपलाच विषय. २० नोव्हेंबर २००१ ला ती स्वीडिश संसदेच्या सभागृहात बोलली. तिथं तिनं आपल्या माणसांना राक्षस ठरवलं नाही. समाजानं माझ्या आईबापांना वेळीच आपल्यात सामावून घेतलं असतं तर कदाचित हे टळलं असतं, अशा आशयाचं ती बोलली. दोन महिन्यांनी, २१ जानेवारी २००२ ला, ती आईला आणि बहिणींना चोरून भेटायला उप्सालात आली. अभ्यासासाठी तिला केनियाला जायचं होतं, त्याआधीची ही भेट. तिथंच बापानं गोळी घालून तिला मारलं. ती सव्वीस वर्षांची होती.

मेणबत्त्या बऱ्याच होत्या तिथं. मी चोवीस वर्षांची, समाजकार्याची विद्यार्थिनी, अभ्यासासाठी परदेशी आलेली. निघायच्या आधी आईला भेटून आलेली. मला थंडी वाजत होती आणि ती फक्त थंडी नव्हती.

फादिमेच्या खुनानंतर तिथं मोठा वाद झाला. हे 'त्यांच्या संस्कृतीमुळे' घडलं असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू म्हणे, संस्कृतीचं नाव घेऊ नका, हा पुरुषांचा हिंसाचार आहे, इंजिनिअर नवऱ्यानं केला तोही हाच. माझं मन दुसऱ्या बाजूकडे झुकतं. पण एक अडचण आहे. फादिमेच्या मागे केवळ बाप नव्हता, सगळी भावकी होती. त्या बाईंच्या नवऱ्यामागे भावकी नव्हती, उलट त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. आपल्याकडे जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलींच्या केसेस हाताळताना हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाप एकटा असेल तर समजूत निघते. बापाच्या मागे गाव उभं असेल तर मुलीला आधी जिल्ह्याबाहेर काढावं लागतं.

कामाच्या दृष्टीनं मी तिथून काय आणलं? एक छोटी गोष्ट सांगते. उप्साला विद्यापीठातच पुरुषांकडून होणाऱ्या हिंसेचा अभ्यास करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. २००७ पासून ते चोवीस तासांची फोनसेवा चालवतं. या सेवेला केलेला फोन बिलावर दिसत नाही. एवढंच. पण हे ज्या कुणाला सुचलं तिनं नक्कीच एखाद्या बाईला बिल तपासणाऱ्या नवऱ्यासमोर बसलेलं पाहिलं असणार. आपल्याकडे बिल नसतं, रिचार्ज असतो, पण कुणाला फोन केला त्याची यादी फोनमध्ये राहते आणि फोन नवऱ्याच्या खिशात. म्हणून आमच्या वस्तीत आम्ही किराणा दुकानदारीण आणि शिवणवाली अशा दोघींचे फोन ठरवून ठेवलेत. बाई तिथं ब्लाउज टाकायला जाते आणि फोन तिथून होतो. सरकारी दवाखान्यात हिंसाग्रस्त बाईला ओळखून तिथंच मदत द्यायची, हेही उप्सालाच्या रुग्णालयात पाहिलं आणि मोठं कौतुक वाटलं. परत आल्यावर कळलं की मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र २००० सालापासून हेच करतंय. मला ते बघायला आधी सात हजार किलोमीटर जावं लागलं होतं.

कायद्यातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही तशी. १९९८ साली त्यांनी एक वेगळा गुन्हा ठरवला. जवळच्या पुरुषानं बाईला पुन्हा पुन्हा दिलेला त्रास, धमकी, ढकलणं, मारणं, एकेक धरलं तर किरकोळ, पण सगळं एकत्र धरून तिच्या आत्मसन्मानावरचा मोठा गुन्हा. 'एकच थापड मारली ना, त्यात काय' असं चौकीत ऐकून आलेल्या आपण सगळ्या. याचा अर्थ आपल्याला लगेच कळतो.

कौतुकाला दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे गेले तर ते अप्रामाणिक होईल. याच उप्सालात १९२२ साली वंशशास्त्राची सरकारी संस्था निघाली. कवट्या मोजणारी, कोण चांगल्या वंशाचा आणि कोण वाईट ते ठरवणारी. १९३४ साली नसबंदीचा कायदा झाला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३,००० नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य बायकांवर. सगळ्या जबरदस्तीच्या नव्हत्या, पण कितीतरी बायकांना 'मंदबुद्धी', 'बेशिस्त' असे शिक्के मारून किंवा दडपण आणून त्या केल्या गेल्या. बालवाड्या आणि बाळंतपणाच्या सवलती उभारणाऱ्या त्याच सरकारच्या हातून. १९९९ साली त्यांनी भरपाईचा कायदा केला. हे वाचताना मला १९९४ चं शिरूर आठवलं. शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली होती आणि आपल्याच संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. मी तेव्हा पाच वर्षांची, पण माझ्या शिक्षिकांनी वर्गात ते सगळं आम्हाला सांगितलं होतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचं बाहेर आलं तेव्हा पुन्हा उप्साला आठवलं. बाईचं गर्भाशय ही दुसऱ्या कुणाची तरी सोय आहे असं समजणारे लोक सगळीकडे सभ्य कपड्यांत असतात.

आणि घरकाम? घरी कामाला बाई ठेवली तर तिच्या मजुरीतला अर्धा भाग करातून वजा करून देण्याची योजना तिथं २००७ पासून आहे. त्यावर तिथल्या स्त्रीवाद्यांत कडाक्याची भांडणं झाली. आमच्या बोळाची साफसफाई करायला येणारी बाई परदेशातून आलेली होती. तिच्याशी मी खाणाखुणांनी बोलायचे. आपल्याकडे घरकामगार मंडळाचा कायदा २००८ चा. त्याचं पुढे काय झालं, त्यावर उद्या वेगळं सत्र आहेच.

डिसेंबरात तिथं दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो. एका दिवशी पिठलं करायला फोडणी टाकली आणि धुराची घंटा वाजली, सगळी पोरं बोळात जमा झाली, मी माफी मागून खोलीत आले आणि एकदम रडूच फुटलं. दहा वाजले. त्या रात्री मी खिडकी उघडली आणि पहिल्यांदा ओरडले. काय ओरडले ठाऊक आहे? "आई गं!" दुसरं काही आलंच नाही तोंडात.

मग आईला फोन केला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. तिला वाटलं काहीतरी झालं. मी चर्चासत्राचं सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं ती म्हणेल, बरं झालं घरची अब्रू राखलीस. किंवा म्हणेल, खरं सांगायचं होतंस, इतकी शिकलीस आणि घाबरलीस. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मार मी खाल्ला. सांगायचं का न्हाई ते मी ठरवीन. तू कशापायी रडतीस?"

या एका वाक्यानं माझं काम बदललं. त्यानंतर मी कुठल्याही सभेत, कुठल्याही अहवालात, कुठल्याही बाईची केस तिला विचारल्याशिवाय सांगितलेली नाही. त्यामुळे माझे अहवाल जरा रिकामे दिसतात. एकदा देणगीदारांनी तसं बोलूनही दाखवलं.

अण्णा २०१९ साली गेले. या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी बार्शीला गेले आणि आईला विचारलं, आता सांगू का? ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, सांग, माझं नाव घालू नको. मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "आन एक सांग. तुमच्यात थाळ्या वाजवतात म्हनं. आमच्या दारात कुणी आलं न्हवतं. शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मला भिंतीपलीकडनं सगळं ऐकू यायचं, कुठली मालिका चाललीय ते बी."

हे सांग म्हणाली होती, म्हणून सांगितलं.